कोणतं स्टेट लागलं

भानुदास वानखडेच्या व्हॅनमधलं घड्याळ हिवाळ्यात एक तास मागं असतं आणि उन्हाळ्यात, इथं सगळी घड्याळं तासभर पुढं करतात तेव्हा, दोन. इथं मिशिगनात, नोव्हायमध्ये, त्याच्या गाडीत जो कोणी बसतो तो आधी हेच सांगतो, की बापा, घड्याळ लाव. तो म्हणतो, "चालते ना थे. बंद थोडंच हाये?" मागच्या साली बॅटरी बदलली तेव्हा गॅरेजवाल्यानं आपण होऊन वेळ बरोबर लावून दिली. यानं पार्किंगमध्येच गाडीची पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि आकडा पुन्हा मागं नेला. मी शेजारच्या सीटवर होतो. घड्याळ पुढं नेणारी माणसं मी लय पाहिली, मागं नेणारा हा पहिला.

भानुदास आमच्या मेहकर तालुक्यातला. खामगावला डिप्लोमा केला, भोसरीच्या टूलरूममध्ये अकरा वर्षं घासली, आणि आता इथं मी आहे त्याच, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इन्स्पेक्टर आहे. इन्स्पेक्टर म्हटल्यावर गावाकडच्यांना टोपी नि दंडुका दिसतो. तसलं काही नाही. मशीनवरून तुकडा निघाला, की हा त्याचं माप घेतो, टॅगवर लिहितो आणि खाली सही करतो. सही असली की माल ट्रकात जातो. इंचाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याला कारखान्यात थाऊ म्हणतात. एकदा शिफ्टच्या शेवटी चारशे ब्रॅकेट दोन थाऊनं मोठे निघाले. मॅनेजर म्हणाला, सोडून दे, कोणाला कळणार आहे. भानुदासनं टॅग आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, तुम्ही सही करा, मी घरी जातो. मॅनेजरनं केली नाही. चारशेच्या चारशे भंगारात गेले. तेव्हापासून पोरं त्याला "दोन थाऊ" म्हणतात, आणि तो ओ देतो.

बोलतो कमी. बोलला तर अस्सल आमच्याकडचं बोलतो. पुण्याची माणसं हसतात, नागपूरची त्याच्याशी हिंदीत सुरू होतात, हा आपला "काहून" आणि "मले-तुले" सोडत नाही. मला त्याच्यात तेच आधी आवडलं.

बायको हर्षिता नर्स होती. अमेरिकेत आणलं तिनं, हा मागून आला. टेक्ससमध्ये अर्विंगला एका वृद्धांच्या निवासात ती कामाला होती. इला तेव्हा लहान. चांगलं चाललं होतं असं म्हणायची रीत आहे, आणि या बाबतीत ते खरंही होतं. मग हर्षिताच्या पोटात गाठ निघाली. काम सुटलं, कामाबरोबर विमा सुटला. हॉस्पिटलात भरती करताना कागदावर भानुदासनं सही केली. उपचार झाले, बिल झालं, गाठ जागच्या जागी राहिली. भाडं परवडेना म्हणून डिसेंबरात फ्लॅट सोडला आणि हर्षिताच्या सोबतच्या एका मल्याळी नर्सनं आपली एक खोली दिली, तिच्यात तिघं राहिले. भाडेचिठ्ठी नाही, काही नाही. माणुसकीचे कागद कोण करतं?

हर्षिताची थोरली बहीण रत्ना इथं नोव्हायला. रत्नाचा नवरा प्रितम मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मोठं घर. रत्नानं फोनवर सांगितलं, "हॉस्पिटलची पत्रं माझ्या पत्त्यावर येऊ द्या. तुम्ही त्या धांदलीत कुठं वाचत बसता? बहिणीचा पत्ता तो माझाच पत्ता." भानुदासनं तसं लिहून दिलं. आपल्यात हे चालतंच. ज्याचं घर पक्कं त्याचा पत्ता सगळ्यांचा.

हर्षिता नर्स असल्यानं तिला डॉक्टरच्या आधी कळलं. फेब्रुवारीत एका सकाळी म्हणाली, "मले ताईकडं न्या. ताईच्या दारात जाऊ द्या." ऑक्सिजन लावलेल्या बाईला विमानवाले घेईनात. शनिवारी दुपारी चारला भानुदासनं व्हॅनच्या मागच्या सीटा पाडल्या, गादी टाकली, नळकांडं बांधलं. नऊ वर्षांची इला आईच्या उशाशी बसली. साडेअकराशे मैल. तिकडं रत्नानं शेवटच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या नर्सला रविवारी दोन वाजता घरी बोलावून ठेवलं.

रविवारी दुपारी बारा चाळीसला व्हॅन रत्नाच्या दारात लागली. रत्ना चमचा-वाटी घेऊन धावत आली, गाडीतच चढली आणि बहिणीच्या तोंडात दोन चमचे पाणी घातलं. मग प्रितमनं आणि भानुदासनं तिला उचलून खोलीत नेलं. नर्स आली, दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं मरणाची वेळ लिहिली. कागदावर मरणाचं ठिकाण नोव्हाय, मिशिगन. राहण्याचा पत्ता प्रितमनं सांगितला, तो त्याचाच. दुसरा होताच कुठं?

जलदानविधीला रत्ना सगळ्यांना सांगत होती, "माझ्या दारात आली. माझ्या हातचं दोन घोट पाणी पिली, मगच गेली." आणि इलाला कुशीत घेऊन म्हणायची, "तुझी आई पोचली हं. जिथं यायचं होतं तिथं पोचली." पुढच्या सहा वर्षांत हे वाक्य मी किमान पन्नासदा ऐकलं असेल. रत्नाला मूल नाही. एक बहीण होती. तिच्यापाशी त्या बहिणीचं उरलेलं एवढंच होतं, दोन घोट पाणी. भानुदास ते ऐकताना चपला शोधायच्या निमित्तानं उठून जायचा.

तो इथंच राहिला, कारखान्यात लागला. इलाला वाढवलं. रविवारी प्रितमच्या तळघरात वंदना होते तिथं शेवटच्या ओळीत बसून पंचशील म्हणायचा. चौथं शील येतं, खोटं बोलणार नाही, तिथं त्याचा आवाज खाली जायचा. मला वाटायचं घसा.

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात कामावरून येताना त्याच्या हातात एकानं कागद दिले. हॉस्पिटलचं बिल कोणत्या तरी वसुली कंपनीनं विकत घेतलं होतं आणि त्या कंपनीनं इथल्या कोर्टात दावा लावला होता. अठरा हजार चारशे साठ डॉलर.

शनिवारी गावच्या वाचनालयात काही वकील फुकट सल्ला देतात. त्यांच्यात एक नीना नावाची पोरगी आहे. आईबाप पुण्याचे, ही जन्मली इथंच. मराठी बोलते, पण वाक्य मराठीत चढतं आणि इंग्रजीत उतरतं. इला बापाला तिच्याकडं घेऊन गेली. मीही गेलो, गाडी माझी होती म्हणून.

नीनानं कागद वाचले आणि हसली. "काका, ही केस ओल्ड आहे. टेक्ससमध्ये असल्या बिलावर सू करायची लिमिट फोर इयर्स. मिशिगनमध्ये सिक्स. यांनी किती वर्षांनी केली? पाच वर्षं दहा महिने."

"मंग कोन्त्या स्टेटचं लागते?" भानुदासनं विचारलं.

"तेच तर सगळं आहे. बिल टेक्ससचं, तुमची सही टेक्ससची, तुम्ही तेव्हा राहत होता टेक्ससला. आणि मिशिगनचा रूल असा आहे की बाहेरच्या स्टेटमधलं मॅटर असेल तर दोन्हीतली शॉर्टर लिमिट धरायची. सो, फोर. सो, केस डेड."

"कोर्टाले हे माहीत नाही का?"

"कोर्ट आपणहून नाही बोलणार. आपण उठून म्हणायचं की मुदत गेली. नाही म्हटलं तर गेलेली मुदतही गेली नाही असं धरतात."

भानुदास म्हणाला, "सही माही हाये. पैसे घेतलेच नाही असं मी म्हणणार नाही."

"तसं म्हणायचंच नाहीये काका. फक्त म्हणायचं, उशीर झाला."

इला म्हणाली, "बाबा, प्लीज. माझ्या कॉलेजचे आहेत ते." अठरा हजार म्हणजे त्यानं तिच्यासाठी सहा वर्षांत बाजूला टाकलेले जवळपास सगळेच. बापानं कागद नीनाकडं सरकवले. नीनानं जबाब लिहिला आणि कोर्टात घातला.

जानेवारीत समोरच्या वकिलाचं उत्तर आलं. त्यानं हर्षिताच्या मृत्यूचा दाखला जोडला होता. राहणार नोव्हाय, मिशिगन. मृत्यू नोव्हाय, मिशिगन. हॉस्पिटलच्या बिलावर पत्ता नोव्हायचा. त्याचं म्हणणं, हे कुटुंब आधीच मिशिगनला आलं होतं, टेक्ससला फक्त दवाखान्यासाठी जात होतं. बिल थकलं ते इथं थकलं. सबब मिशिगनची सहा वर्षं, आणि दावा दोन महिने राखून वेळेत.

आता पाहा, माणूस खरा टेक्ससला राहत होता आणि त्याच्यापाशी एक चिठोरं नाही. नीनानं इलाच्या तिकडच्या शाळेचा कागद मागवला. वकील म्हणाला, पोरगी तिकडं होती, मान्य. आई कुठं राहत होती ते पोरीच्या शाळेवरून ठरत नाही.

नीना म्हणाली, "हरकत नाही. शपथपत्र करू. काकांचं एक आणि मावशींचं एक. कधी निघाले, कधी पोचले, अवर बाय अवर. जज बघेल की आई मिशिगनमध्ये एकूण किती वेळ जिवंत होती. नाइन्टी मिनिट्स. दीड तासाच्या माणसाला रेसिडेंट कोण म्हणेल?"

रत्नानं आधी सही केली. वाचनालयाच्या टेबलाशी, शिक्का मारणाऱ्या बाईसमोर. इलानं तिच्यासाठी इंग्रजी टाइप केलं. 'दुपारी बारा चाळीसला माझी बहीण माझ्या दारात आली. ती शुद्धीवर होती. माझ्या हातून पाणी प्यायली. दोन दहाला गेली.' सही करताना रत्ना रडली, पण ते सुखाचं रडणं होतं असं मला वाटलं. सहा वर्षं तोंडी सांगितलेलं आज सरकारी कागदावर चढलं.

मग भानुदासचा कागद. त्यानं एकेक मुद्दा बोट ठेवून वाचला. सातव्यावर बोट थांबलं.

"हे सात नंबरचं काढता येईल का?"

"कोणतं? नाइन्टी मिनिट्सचं? काका, तोच तर जीव आहे."

"बाकीचं खरं हाये. बाकीच्यावर करतो सही."

"बाकीच्यावर केली तर तो वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. मावशींनी लिहिलं, नवऱ्यानं का नाही लिहिलं? मग तुम्हाला उभं करतील, शपथ देतील. काय झालं काका? वेळ चुकली आहे का?"

भानुदासनं रत्नाकडं पाहिलं. रत्ना नाक पुसत होती. इलाकडं पाहिलं. इला स्टेपलर शोधत होती. मग त्यानं कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "घरी वाचून आणतो."

काय झालं होतं ते आता सांगतो. मला हे उन्हाळ्यात कळलं, इलाकडून, आणि बापाला विचारून मगच लिहितो आहे.

टेक्ससमधून निघाल्यापासून हर्षिता एकच विचारत होती. सीमा ओलांडल्याची पाटी आली, गाडीचा आवाज बदलला, की मागून यायचं, "कोन्तं लागलं?" हा म्हणायचा, "आर्कान्सा लागलं." ती म्हणायची, "बरं." पुढं, "कोन्तं?" "मिझुरी." "बरं." मग इलिनॉय. इलिनॉय लांब आहे. तिथं ती म्हणाली, "अजून किती स्टेट?" हा म्हणाला, "इंडियाना, मंग ताईचं." ती म्हणाली, "बरं." ते शेवटचं.

सकाळी पावणेसातला इंडियानाची पाटी आली. मागून प्रश्न आला नाही. भानुदास आपण होऊन म्हणाला, "इंडियाना लागलं." उत्तर नाही. त्याला वाटलं डोळा लागला. त्या सीमेवर वेळ एक तासानं पुढं जाते, फोनचं घड्याळ आपोआप उडी मारतं, गाडीचं मारत नाही, ते टेक्ससच्याच वेळेवर राहिलं. इंडियानापोलिसच्या पुढं पेट्रोल भरायला उतरला तेव्हा तिच्यासाठी बर्फ घेतला. पेला घेऊन मागचं दार उघडलं आणि त्याला कळलं. इला उशाशी डोळे मिटून बसलेली. त्याला वाटलं झोपली आहे.

थांबला असता तर इंडियानातले पोलीस आले असते, तिथलं शवागार, तिथले कागद. ताईचं दार साडेचार तासांवर. त्यानं दार लावलं. पुढं बसला. पोरीला आरशात आपलं तोंड दिसू नये म्हणून तो छताकडं फिरवला आणि गाडी काढली.

नोव्हायला रत्ना चमचा घेऊन चढली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एक्झिटपर्यंत बोलत होती." जन्मात एक खोटं बोलला, पाच शब्दांचंही नाही. रत्नाला हाताला गार लागलं नसेल का? मला विचारू नका. फेब्रुवारी होता, सगळंच गार होतं. त्या आलेल्या नर्सनं हर्षिताचा हात बराच वेळ धरून ठेवला, मग भानुदासकडं पाहिलं, मनगटावर पाहिलं आणि वेळ लिहिली. शहाणी बाई.

तर सात नंबरवर सही केली तर खोट्या मापावर सही. खरं लिहिलं तर रत्ना कोर्टात खोटी ठरते, तिचं दोन घोट पाणी जातं, आणि पोरीला कळतं की आई पोचलीच नाही आणि बापानं प्रेताशेजारी तिला साडेचार तास बसवलं. आणि खरं तरी काय लिहील? ती इलिनॉयात गेली की इंडियानात, ते त्याला माहीतच नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत डब्यातली भाकरी तशीच ठेवून तो मला म्हणाला होता, "माप घेतलंच नाही तं टॅगवर काय लिहू?" मी म्हटलं, कोणता पार्ट? तो म्हणाला, "जाऊ दे."

कागद खिशात राहिला. नीनाचे फोन आले. "काका, ट्यूजडेपर्यंत फाइल झालं पाहिजे." हा म्हणायचा, "हो बाई." इला टेबलावर पेन काढून ठेवायची. मंगळवार गेला.

तारखेला मी होतो. जज म्हातारा, बोलायला बरा. त्यानं विचारलं, मिस्टर वानखडे, तुम्ही मिशिगनला केव्हा आलात याबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे? सांगायचं असेल तर आत्ता सांगा, वेळ देतो. भानुदास उभा राहिला. हात पँटच्या शिवणीला लावले, शाळेत लावतात तसे. नीना त्याच्याकडं पाहत होती, मागं इला, तिच्याशेजारी रत्ना.

"नो, सर," म्हणाला आणि बसला.

जज म्हणाला, मेहुणीचा एक कागद आहे, पण नवराच काही सांगत नाही तर दाखल्याविरुद्ध तेवढ्यावर कसा जाऊ? मुदत मिशिगनची, सहा वर्षं. दावा मंजूर.

बाहेर पार्किंगमध्ये रत्नानं त्याला गाठलं. "भाऊजी, एक सही करायला हात झिजला असता का तुमचा? मी केली ना? माझ्या बहिणीच्या लेकीचे पैसे होते ते."

"चुकलं ताई," तो म्हणाला.

"चुकलं नाही. तुम्हाला अकड आहे. दोन थाऊ म्हणतात ना तुम्हाला, बरोबर म्हणतात. तिच्यासाठी एवढंही झालं नाही तुमच्यानं."

"हो ताई."

त्या दिवसापासून रत्ना त्याच्याशी बोलत नाही. वंदनेला तो अजून जातो, शेवटच्या ओळीत बसतो. ती इलाला ताट वाढते, त्याच्यापुढं ताट प्रितम ठेवतो. मला एकदा राग आला, म्हटलं, बोल ना लेका काहीतरी, बाई चारचौघांत पाण्यात पाहते तुला. तो म्हणाला, "पाहू दे. तिच्यापाशी थे एकच हाये." मला तेव्हा वाटलं राग म्हणतो आहे.

कॉलेजच्या पैशांना त्यानं हात लावला नाही. वसुलीवाल्यांना म्हणाला, पगारातून कापा. दर शुक्रवारी पगाराचा चौथा हिस्सा कापून जातो. त्यानं शनिवारची जादा शिफ्ट धरली.

जूनमध्ये इला एकटीच वाचनालयात नीनाकडं गेली. म्हणाली, बाबानं का सही केली नाही ते मला माहीत आहे. आणि व्हॅनमधलं सगळं सांगितलं. नीनानं आधी ऐकून घेतलं, मग दोन्ही हातांनी कपाळ धरलं. म्हणाली, "इला, कायद्यात याची सोय आहे. चालत्या गाडीत माणूस गेलं आणि कुठल्या स्टेटमध्ये ते ठाऊक नसलं तरी चालतं. गाडीतून त्याला पहिल्यांदा जिथं खाली उतरवतात, तेच मरणाचं ठिकाण धरतात. आईला कुठं उतरवलं? मावशींच्या दारात. म्हणजे नोव्हाय. तो दाखला खोटा नव्हताच. आणि ती मिशिगनला जिवंत राहिलीच नाही म्हटल्यावर त्यांची सहा वर्षं टिकलीच नसती. काकांनी मला एकटीला येऊन सांगितलं असतं, तर मी बंद खोलीत जजला सांगितलं असतं. मावशींचा कागद मी परत घेतला असता. शी नीड नॉट हॅव नोन."

इलानं विचारलं, आता सांगता येईल?

नीनानं कॅलेंडर पाहिलं. निकालाविरुद्ध बोलायला एकवीस दिवस असतात. त्या दिवशी चौतिसावा होता.

इलाला सोळावं चालू होतं. शिकाऊ लायसन्स निघालं होतं, मोठं माणूस शेजारी असलं की चालवता येतं. पुढच्या रविवारी वंदनेहून येताना व्हॅन तीच चालवत होती. बाप शेजारी, ब्रेक नसलेल्या बाजूला पाय दाबून बसलेला. तिनं मला जसं सांगितलं तसं लिहितो.

ती म्हणाली, "बाबा, मी नीनाताईला सगळं सांगितलं. व्हॅनचं."

"कोन्तं व्हॅनचं?"

"आई पोचली नव्हती. आय नो."

तो म्हणाला, "लेन धर."

तिनं लेन धरली. मग तो म्हणाला, "कवापासून माहीत हाये?"

"तेव्हापासून. मी झोपले नव्हते. तू आरसा वर केलास ना, तेव्हा मला कळलं की तुला कळलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू ड्राइव्ह करत होतास."

पुढं सिग्नल होता. ती नीट थांबली. तिनं कायदा सांगितला, गाडीतून उतरवण्याचा. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "कायद्यानं ताईचंच दार. बरं झालं. ताईले सांगू नको बाकीचं."

"नाही सांगणार. पण ती तुझ्याशी बोलत नाही, बाबा."

"बोलन कवा तरी. नाही बोलली तं नाही."

सिग्नल सुटला. गाडी पुढं निघाल्यावर त्यानं विचारलं, खिडकीबाहेर पाहत. साडेअकराशे मैल ज्यानं उत्तर दिलं, या खेपेला विचारणारा तो होता.

"कोन्तं स्टेट होतं इला?"

"इंडियाना. तू म्हणालास ना, 'इंडियाना लागलं.' तिनं ऐकलं. माझं बोट होतं तिच्या हातात, ते दाबलं. मग थोड्या वेळानं नाही दाबलं."

त्यांच्या वळणाचा रस्ता आला तेव्हा तो म्हणाला, "सिग्नल दे." तिनं दिला. घरासमोर गाडी लावल्यावर तिनं घड्याळाकडं हात नेला. "लावू का बरोबर?"

"राहू दे."

मी इलाला एकदा विचारलं, बोट खरंच दाबलं होतं का. ती फोन पाहत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, मी नऊ वर्षांची होते."

अजून दोन वर्षं कपात चालेल. इला सोळाची झाली, या हिवाळ्यात एकटी शाळेत जाते, व्हॅन घेऊन. उशीर होत नाही तिला. निघताना घड्याळ पाहते आणि मनातल्या मनात एक तास मिळवते.